नाईक, वर्दी आणि दिलेला शब्द : खानदेशापासून काँगोपर्यंत

१/
पहूरच्या दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरलेली आहे. तिच्यातूनच वाघूर नदी खाली उतरते आणि लेण्यांकडे जाणारा रस्ताही याच गावावरून जातो. आज या रस्त्याने दिवसभर एसट्या आणि पर्यटकांच्या गाड्या धावतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र हा प्रवास धोक्याचा मानला जाई. १८१९ मध्ये लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. त्यानंतर ती पाहायला आलेल्या पहिल्या काही युरोपीय प्रवाशांना दोन गोष्टींपासून सावध राहण्यास सांगितले जाई : वाघ आणि भिल्ल.

२/
वाघ आणि भिल्ल एकाच दमात उच्चारले जात, हे आज आपल्याला खटकते. पण जानेवारी २०२५ मध्ये काँगोच्या पूर्व सीमेवरील गोमा हे मोठे शहर 'एम २३' या बंडखोर सेनेने घेतले, तेव्हा आपल्याकडील चर्चेचा सूर याहून फारसा वेगळा नव्हता. 'तिकडे टोळ्यांचेच राज्य', 'त्यांना लढण्याशिवाय येते काय', असे आपण सहज म्हणून गेलो. आपल्याच तालुक्याविषयी हेच शब्द कधी काळी कोणीतरी लिहून ठेवले आहेत, याचा आपल्याला विसर पडला. तो इतिहास आठवावा, म्हणून हा धागा.

३/
माझे म्हणणे आरंभीच सांगतो. बंडखोर नायकाला पद, पगार आणि वर्दी देऊन शांत करता येते. खानदेशात ते झाले, मध्य आफ्रिकेतही अनेकदा झाले. परंतु अशी शांतता एका माणसाच्या मर्जीवर उभी असेल, तर तो दुखावला त्या दिवशी ती मोडते. ती टिकायची असेल तर शब्द नायकाबरोबर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनाही द्यावा लागतो, आणि मग तो पिढ्यान् पिढ्या पाळावा लागतो. खानदेशाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींचे दाखले आहेत.

४/
प्रथम पार्श्वभूमी. मराठेशाहीत डोंगरातील घाटवाटांची राखण बहुतांशी भिल्ल नाईकांकडे असे. वाटसरू आणि गुरेढोरे सुरक्षित ठेवायची आणि त्याच्या मोबदल्यात गावांकडून, प्रवाशांकडून ठरलेले हक्क घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती. गावोगावचे भिल्ल जागले म्हणून रात्रीची गस्त घालीत. म्हणजे पुढे ज्यांना 'लुटारू' म्हटले गेले, तेच या प्रदेशाचे पहारेकरी होते. ही व्यवस्था परिपूर्ण नव्हती, तिच्यात जुलूमही होता. तरी तिला एक हिशेब होता आणि तो दोन्ही बाजूंना ठाऊक होता.

५/
तो हिशेब १८०२ नंतर विस्कटला. यशवंतराव होळकरांच्या स्वाऱ्या खानदेशातून गेल्या. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. मग पेंढारी आले, पगार थकलेले अरब शिपाई गढ्या बळकावून बसले. गावेच्या गावे ओस पडली. जिथे गावच उरले नाही, तिथे राखणीचा हक्क देणार कोण? पहारेकऱ्याचा लुटारू होण्यास यापेक्षा निराळे कारण शोधण्याची गरज नाही. ज्या राज्यात पगार देणारा नाहीसा होतो आणि हत्यार मात्र हातात उरते, तिथे जगात सर्वत्र हेच घडत आले आहे.

६/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथला पहिला इंग्रज अंमलदार. त्याने दोन मार्ग एकदम अवलंबले. शरण येणाऱ्या नाईकांना तनखा देऊ केला आणि न येणाऱ्यांची डोंगरातील रसद तोडली. काही नाईक आले, तनखे घेतले, पुन्हा बिनसले, पुन्हा डोंगरात गेले. लष्कराच्या तुकड्या त्यांच्या मागे सातपुड्यात आणि सातमाळ्यात धाडल्या गेल्या, तेव्हा लढाईपेक्षा हिवतापानेच शिपाई अधिक हैराण झाले. अशी सात वर्षे गेली आणि प्रदेश काही शांत झाला नाही.

७/
१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. वायव्येची कुकरमुंड्यास, ईशान्येची धरणगावास आणि दक्षिणेची कन्नडला. जामनेर, भडगाव, चाळीसगाव हा सातमाळ्यालगतचा मुलूख कन्नडच्या एजन्सीत मोडत असे; म्हणजे पहूरचा परिसरही तिच्याच कक्षेत आला. या एजन्सींना दुहेरी काम होते : भिल्लांना जमीन देऊन वसवणे आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभी करणे. पलटणीचे काम धरणगावला जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे सोपवले गेले.

८/
चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वाहतूक कोंडीची बातमी आली, की हे नाव वर्तमानपत्रांत झळकते. ते याच माणसाचे. औट्रमची पलटण अवघ्या नऊ भिल्लांपासून सुरू झाली. आधी त्याने डोंगरातील तळांवर छापे घातले, काहींना पकडले आणि मग पकडलेल्यांच्या नातलगांमार्फत इतरांशी बोलणी सुरू केली. तो त्यांच्या वस्त्यांत पहाऱ्याशिवाय राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. काही वर्षांत नवाचे कित्येक शेकडे झाले आणि 'खानदेश भिल्ल कोअर' ही कायमची पलटण बनली.

९/
या हकिगतीतला एक प्रसंग मला औट्रमच्या शिकारकथांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. नवी भिल्ल पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा तेथील पायदळाच्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांची भेट घेतली आणि त्यांना पानसुपारी दिली, अशी इंग्रज कागदपत्रांत नोंद आहे. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांना पानसुपारी मिळाली. पगार महिन्याला मिळतो, पण बरोबरीची वागणूक एकदा जरी मिळाली तरी माणूस ती विसरत नाही. वर्दीचे खरे मोल इथे कळते.

१०/
दुसरे अंग जमिनीचे. कन्नडच्या एजन्सीने भिल्लांच्या वसाहती वसवल्या. बैल आणि बियाण्यासाठी तगाई दिली, सुरुवातीची वर्षे सारा माफ केला, जुने गुन्हे उकरून काढले नाहीत. नाईकांचे परंपरागत हक्क नोंदवून त्यांचा मोबदला ठरवला. किरकोळ तंटे एजंटसमोर तिथल्या तिथे मिटू लागले. या कामात गाजावाजा नव्हता, म्हणून कन्नडच्या एजंटाचे नाव कोणत्या घाटाला लागले नाही. शांतता टिकण्यास मात्र पलटणीइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, या नांगराचा उपयोग झाला.

११/
इथे एक आक्षेप येईल : हे तर इंग्रजांचे कौतुक झाले. तसे मुळीच नाही. ही माया नव्हती, हिशेब होता. डोंगरात गोरे शिपाई आजाराने मरत होते आणि भिल्लाला भिल्लाकरवी आवरणे स्वस्त पडत होते. १८३० मध्ये हीच पलटण औट्रमने डांगच्या राजांवर नेली. १८५२ मध्ये जमीन मोजणीच्या विरोधात खानदेशातील शेतकरी उठले, तेव्हा एरंडोल आणि फैजपूरला त्यांचे पुढारी पकडायला भिल्ल कोअरच धाडली गेली. डोंगरातल्या गरिबाच्या हातात बंदूक देऊन ती सपाटीवरच्या गरिबावर रोखली गेली. हा या यशाचा दुसरा चेहरा आहे आणि तो झाकून चालणार नाही.

१२/
औट्रमचे पुढचे आयुष्यही पाहण्यासारखे आहे. खानदेशात विश्वास संपादन करणारा हाच माणूस १८५६ मध्ये लखनौला रेसिडेंट होता आणि अवधचे राज्य खालसा करण्याची कारवाई त्याच्याच हातून झाली. पुढल्याच वर्षी त्या अपमानाने पेटलेल्या लखनौत तो वेढ्यात सापडला. शब्द देऊन काय साधते हे त्याने धरणगावला पाहिले होते. शब्द मोडल्याने काय होते ते लखनौत अनुभवले.

१३/
आता खानदेशाचीच दुसरी बाजू. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरच्या पुढे सेंधव्याचा घाट लागतो. या घाटाची राखण गुमान नाईकाकडे होती आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा खाज्या नाईक याच्याकडे आली. खाज्या सरकारच्या नोकरीत होता. त्याच्या बंदोबस्तामुळे घाट सुरक्षित होता आणि सरकारही समाधानी होते. पुढे एका संशयिताला त्याने केलेल्या मारहाणीत त्या माणसाचा मृत्यू झाला. खाज्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, तुरुंग घडला. मुदतीपूर्वी तो सुटला. १८५७ चे वादळ उठताच सरकारला घाटासाठी पुन्हा त्याची गरज भासली आणि त्याला परत कामावर घेण्यात आले.

१४/
शिक्षा अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. एका माणसाचा जीव गेला होता. प्रश्न असा, की सेंधव्याच्या शांततेचा आधार काय होता? धरणगावात पलटण होती, कन्नडला वसाहती होत्या. सेंधव्यात एक नाईक होता. तो खूश तर घाट खुला, तो रुष्ट तर घाट बंद. गरज असताना बोलावलेला आणि गरज सरताच टाकला गेलेला माणूस दुसऱ्यांदा परततो तेव्हा तो पहिल्याइतका विश्वास घेऊन येत नाही. खाज्याने काही काळातच सरकारशी असलेले नाते तोडले आणि भीमा नाईक, मेवाश्या नाईक यांच्यासह तो उठावात उतरला.

१५/
नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना या मंडळींनी घाटात लुटला. ज्याला वाट राखायला ठेवले, त्यालाच वाटेचा प्रत्येक खडक ठाऊक होता. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे कंपनीच्या फौजेशी मोठी लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना झटपट लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या. शेकडो स्त्रिया कैद झाल्या; त्यांत नाईकांच्या घरच्या स्त्रियाही होत्या. १८६० मध्ये खाज्या नाईक दगाफटक्याने मारला गेला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला गेला आणि १८७६ मध्ये अंदमानात वारला.

१६/
खाज्या एकटा नव्हता. नाशिक-नगरच्या बाजूला भागोजी नाईक हाही पूर्वी नगरच्या पोलिसांत अधिकारी होता. शिक्षा भोगून आल्यावर त्याच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ त्याच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक हेन्री मारला गेला. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरजवळ मिठसागरे येथे भागोजी पडला. दोन्ही नायक आधी सरकारचेच शिपाई होते. त्याच काळात खानदेश भिल्ल कोअर मात्र सरकारच्या बाजूने राहिली. म्हणजे भिल्ल दोन्हीकडे होते. 'जात बंडखोर' या कल्पनेला इथेच तडा जातो. फरक रक्तात नव्हता, कराराच्या स्वरूपात होता.

१७/
हा फरक मनात ठेवून आता पुन्हा गोम्याला जाऊ. 'एम २३' या नावातला '२३' म्हणजे २३ मार्च २००९. त्या दिवशी काँगोचे सरकार आणि 'सीएनडीपी' ही बंडखोर संघटना यांच्यात करार झाला. संघटनेचा संस्थापक लोराँ एनकुंडा त्याआधी जानेवारीतच रवांडात अटकेत पडला होता आणि नेतृत्व बोस्को एनतागांडाकडे गेले होते. करारानुसार बंडखोरांना राष्ट्रीय सैन्यात सामावून घेण्यात आले आणि एनतागांडा जनरल झाला. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अटक वॉरंट आधीच निघालेले होते. तरीही तो गोमा शहरात उघडपणे वावरत होता.

१८/
हे विलीनीकरण घाईघाईत उरकले गेले. बंडखोरांच्या तुकड्या फोडून नव्या सैन्यात मिसळल्या गेल्या नाहीत. जुने सेनानी, जुनी माणसे आणि जुनी निष्ठा तशीच राहिली, फक्त वर्दी बदलली. खाणींच्या वाटांवरची वसुलीही त्यांच्याच हाती राहिली. सामान्य शिपायाचा पगार वेळेवर पोचत नव्हता. त्याचे पोट सेनानीच्या मर्जीवर भरत होते. कागदावर सैन्य एक झाले, पण आत दोन सैन्ये नांदत होती. सेंधव्याच्या घाटाची चूक इथे फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली : शांतता सेनानीच्या खिशात ठेवली गेली.

१९/
एप्रिल २०१२ मध्ये एनतागांडाच्या अटकेची आणि जुन्या तुकड्या किवू प्रांताबाहेर हलवण्याची चर्चा सुरू झाली. सैन्यातले हे गट फुटले. 'करार पाळला नाही' असे म्हणत त्यांनी कराराची तारीखच नाव म्हणून घेतली. २० नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांनी गोमा घेतले आणि आंतरराष्ट्रीय दडपणाखाली काही दिवसांत सोडले. संयुक्त राष्ट्रांच्या खास लढाऊ ब्रिगेडच्या मदतीने नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांचा पाडाव झाला. एनतागांडा स्वतः मार्च २०१३ मध्ये किगालीतील अमेरिकी वकिलातीत शरण गेला होता. २०१९ मध्ये त्याला युद्धगुन्ह्यांसाठी तीस वर्षांची शिक्षा झाली.

२०/
नायक तुरुंगात गेला, मग प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नैरोबीत नवे दस्तऐवज झाले. शेजारच्या देशांत पळालेल्या सैनिकांची परतपाठवणी आणि त्यांना नागरी जीवनात वसवणे ही आश्वासने त्यात होती. ती रेंगाळली. २०२१ च्या अखेरीस सुलतानी माकेंगाच्या नेतृत्वाखाली तीच सेना पुन्हा उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये तिने गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू घेतले. एकच नायक दूर केल्याने बंड संपत नाही, हे यातून दिसते. छावणीत कुजत राहिलेला साधा सैनिक पुढच्या नायकाची वाट पाहत असतो.

२१/
शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचे उदाहरण अधिकच बोलके आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील सरकारने चौदा सशस्त्र गटांशी करार केला. अली दारासा, महामत अल-खातिम आणि सिदिकी अब्बास या तीन बंडखोर नेत्यांना पंतप्रधानांचे विशेष लष्करी सल्लागार नेमण्यात आले. मे महिन्यात सिदिकीच्या गटाने देशाच्या वायव्य भागात गावकऱ्यांची कत्तल केली. डिसेंबर २०२० मध्ये यांतले प्रमुख गट माजी अध्यक्ष बोझिझे यांच्या बाजूने एकत्र येऊन राजधानीवर चालून गेले. पद नायकांना मिळाले होते. गावकऱ्याला सुरक्षितता नाही आणि गटातल्या पोराला कामधंदा नाही.

२२/
दोन्ही प्रदेश एकाच मापाने मोजता येणार नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. खानदेशच्या डोंगरात तीर-कामठे आणि थोड्या तोड्याच्या बंदुका होत्या. किवूत तोफा आणि ड्रोन आहेत. सातपुड्यात कोल्टन किंवा सोन्याच्या खाणी नव्हत्या. भिल्ल नाईकांमागे कोणते शेजारी राष्ट्र उभे नव्हते. 'एम २३' ला रवांडाचे पाठबळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे अहवाल वारंवार सांगतात. १९९४ च्या रवांडातील नरसंहाराची सावली त्या संघर्षावर आहे. शिवाय एनतागांडासारख्यांच्या हातून झालेले अत्याचार, मुलांना सैनिक बनवणे, हे कोणत्याही तक्रारीने क्षम्य ठरत नाही. नायकाची व्यथा समजून घेणे आणि त्याचा गुन्हा माफ करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२३/
एवढे सगळे वजा केल्यावरही एक धडा शिल्लक राहतो. धरणगावला एकेका माणसाची भरती झाली, नवी शिस्त आणि नवा अधिकारी मिळाला. कोणा नाईकाची टोळी जशीच्या तशी पलटण म्हणून घेतली गेली नाही. कन्नडला माणसाला जमीन, बैल आणि वेळ मिळाला. सेंधव्यात हे काहीच नव्हते, तिथे फक्त एका नाईकाशी व्यवहार होता. काँगोतला करार सेंधव्याच्या जातीचा होता. गोम्यात उद्या नवा करार होईल तेव्हा सह्या करणाऱ्या सेनानींची नावे मोजण्यापेक्षा छावणीतल्या शिपायाला काय मिळाले हे पाहावे. त्यावरून तो किती टिकेल, याचा अंदाज येईल.

२४/
आणि कन्नडचा शब्द तरी पुढे पाळला गेला का? हा प्रश्न आपल्याला अडचणीचा आहे. एजन्सी पुढे सामान्य प्रशासनात विरून गेली, भिल्ल कोअर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिसांत विलीन झाली. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले. तगाईने मिळालेली शेते सावकारांच्या वहीत शिरली आणि तिथून मोठ्या शेतकऱ्यांकडे गेली. १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्तीसाठी आदिवासी एकत्र आले, अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आणि श्रमिक संघटनेच्या साथीने. ते मागत होते ती गेलेली जमीन होती. दीडशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या भिल्लाला जे देऊन शांत केले होते, तेच त्याच्या पणतवंडाला पुन्हा मागावे लागले.

२५/
त्यांनी ते तीर-कामठ्याशिवाय मागितले, मोर्चे काढून आणि कायद्याचा आधार घेऊन मागितले. शब्द मोडला गेल्यावरही हत्यार न उचलण्याचा हा संयम आपल्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे आणि त्याचे श्रेय इंग्रज एजंटांना जात नाही. पण संयम हा गृहीत धरण्याचा विषय नव्हे. २००६ चा वनहक्क कायदा हा नव्याने दिलेला शब्द आहे. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरचा वनपट्ट्याचा दावा कार्यालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतो, तेव्हा आपण त्याला 'प्रलंबित प्रकरण' म्हणतो. इतिहासाच्या भाषेत त्याला न पाळलेला करार म्हणतात.

२६/
म्हणून, वाचकहो, एक विनंती. यापुढे मध्य आफ्रिकेतल्या एखाद्या बंडखोर सेनानीची बातमी वाचाल तेव्हा 'टोळी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. या माणसाच्या अंगावर पूर्वी कोणाची वर्दी होती? ती कोणी आणि कशी उतरवली? आणि त्याच्या मागे चालणाऱ्यांना शांततेच्या काळात काय मिळाले होते? उत्तरे त्याला निर्दोष ठरवणार नाहीत. पुढचे बंड कोठून येईल, हे मात्र ती बऱ्याचदा सांगतील.

२७/
औट्रम घाटातून जाताना गाडी कोंडीत अडकलीच, तर थोडा वेळ मिळेलच. ज्या नऊ भिल्लांनी धरणगावला पहिल्यांदा त्या तरुण लेफ्टनंटवर विश्वास ठेवला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव या घाटाला नाही. विश्वास टाकण्याचा धोका त्यांनीच अधिक पत्करला होता. औट्रमच्या मागे सारे सरकार उभे होते, त्यांच्या मागे फक्त डोंगर होता. खानदेशातली शांतता त्यांच्यापासून सुरू झाली, हे आपण निदान आपल्या मुलांना सांगावे. (धागा समाप्त)